पाठीमागचं पाणी

रात्री किनाऱ्यावरून गरवायला, म्हणजे गळाने मासे धरायला, बसलं की सगळं लक्ष समोर लागतं. रॉडचं टोक, तंगूस (गळाचा नायलॉनचा दोरा), लाटांचा आवाज. माझंही पहिली दोन-तीन वर्षं तसंच होतं. मग एका रात्री मी ज्या खडकावर उभी होते त्याच्या मागची घळ भरली आणि मला पत्ताच लागला नाही. येताना ती कोरडी होती, बुटाचा तळसुद्धा भिजला नव्हता. परतताना पहिलं पाऊल मांडीपर्यंत आत गेलं, दुसरं कमरेपर्यंत. पिशवी डोक्यावर धरून कशीबशी पलीकडे पोचले. पिशवीत मासा एकही नव्हता, तरी ती का सांभाळत होते देव जाणे. तेव्हापासून गळ कुठे टाकायचा हे ठरवण्याआधी मी परत कुठून जायचं ते ठरवते. हे लिहिलंयही त्याच क्रमाने.

आधी दिवसा, ओहोटीला

रात्री जिथे बसायचं ती जागा त्याआधी एकदा पूर्ण ओहोटीला बघून या. भरतीला बघून उपयोग नाही, तेव्हा सगळं पाण्याखाली असतं. ओहोटीला वाळूतले चर उघडे पडतात, खडकाच्या फटी दिसतात, आणि गळ कुठे अडकणार तेही कळतं. मोबाइलवर पाच-सहा फोटो काढा, पण उभं राहायच्या जागेवरूनच काढा. रात्री त्याच जागेवरून अंदाज घ्यायचा असतो.

पाणी कुठवर चढतं ते किनारा स्वतःच सांगतो. वाळूवर वाळलेल्या शेवाळाची आणि काटक्यांची ओळ असते, ती आदल्या भरतीची. तिच्याही वर एक जुनी, जास्त सुकलेली ओळ दिसली तर ती मागच्या उधाणाची, म्हणजे मोठ्या भरतीची. खडकावर कालवं आणि पांढरी खरखरीत कवचं ज्या उंचीपर्यंत चिकटलेली असतात, तिथपर्यंत पाणी नेमाने येतं. कवचांवर बूट धरतो. हिरव्या बुळबुळीत शेवाळावर कुठलाच बूट धरत नाही, दुकानदार काहीही सांगो. काळा ओला दिसणारा सपाट खडक तर सगळ्यात फसवा.

मग मागे वळा आणि परतीची वाट नीट बघा. त्या वाटेवरची सगळ्यात सखल जागा कुठली? तुम्ही उभे आहात तो खडक नाही, वाटेतला तो खोलगट भाग. तुमची रात्र किती लांब ते त्या जागेवर ठरतं. माझ्या घळीचा तळ माझ्या खडकापेक्षा चांगला सव्वा मीटर खाली होता. म्हणजे मी कोरडी उभी असताना मागे कमरेएवढं पाणी होणार, हे साधं गणित होतं. मी ते केलं नव्हतं.

वेळापत्रकातलं आणि वेळापत्रकाबाहेरचं

बहुतेक किनाऱ्यांवर दिवसातून दोन भरत्या येतात. दोन भरत्यांमध्ये साधारण 12 तास 25 मिनिटं जातात, त्यामुळे रोजची वेळ आदल्या दिवसापेक्षा सुमारे 50 मिनिटं पुढे सरकते. काही किनाऱ्यांवर दिवसाला एकच भरती असते, तेव्हा आपल्या जागेचंच भरती-ओहोटीचं वेळापत्रक बघा, शेजारच्या बंदराचं नको. उधाण अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास येतं, पण ते सगळ्यात मोठं त्याच दिवशी नाही, बहुधा एक-दोन दिवसांनी होतं. अष्टमीच्या आसपास भांगाचं पाणी असतं. चढ-उतार कमी, ओढ कमी. नवख्याने सुरुवात भांगाच्या रात्री करावी असं माझं मत. मासे थोडे कमी मिळतील, पण पाणी विचार करायला वेळ देईल.

पाणी दर तासाला सारखं चढत नाही. ढोबळ हिशेब असा: एकूण चढाचे बारा भाग करा. सहा तासांत ते एक, दोन, तीन, तीन, दोन, एक असे वाटले जातात. समजा ओहोटी संध्याकाळी 6.27 ला, भरती रात्री 12.40 ला, आणि मधला फरक 3 मीटर. पहिल्या तासात पाणी जेमतेम 25 सेंटिमीटर चढेल. तुम्ही म्हणाल, आज पाणी शांत आहे. दुसऱ्या तासात 50. आणि साडेआठ ते साडेदहा या दोन तासांत तब्बल दीड मीटर! नेमक्या याच वेळी मासे लागायला सुरुवात होते, डोळे टोकावर खिळतात, आणि मागची घळ भरते.

वेळापत्रक चंद्र-सूर्यावरून काढलेलं असतं. हवामान त्याला ठाऊक नसतं. हवेचा दाब 1 हेक्टापास्कलने उतरला की समुद्राची पातळी साधारण 1 सेंटिमीटर वर येते. दाब वीसेकने उतरलाय आणि वारा समुद्राकडून जमिनीकडे जोरात वाहतोय, तर छापलेल्या आकड्यापेक्षा वीतभर किंवा त्याहून जास्त पाणी धरून चाला. लाटा वेगळ्या, त्या या आकड्यात येतच नाहीत. खाडीच्या तोंडाशी बसणार असाल तर आणखी एक गोम आहे. पाणी चढायचं थांबलं म्हणजे प्रवाह थांबला असं नाही. बऱ्याच खाड्यांत वेळापत्रकाप्रमाणे भरती पूर्ण झाल्यावरही काही वेळ पाणी आत जात राहतं आणि मग फिरतं. किती वेळ, ते प्रत्येक खाडीचं वेगळं. एकदा घड्याळ लावून बघा आणि वहीत लिहून ठेवा.

सामान

रॉड बारा-तेरा फुटी, रीळ भरलेलं, हे तुमच्याकडे असणारच. मला सांगायचंय ते तीनच गोष्टींबद्दल.

एक, जड वजन लांब फेकताना तंगूस तुटून शिसं गोळीसारखं सुटतं. अंधारात तिकडे कोण उभं आहे हे दिसत नाही. म्हणून मुख्य तंगुसाच्या पुढे जाड तंगुसाचा लीडर लावायचाच. प्रत्येक 28 ग्रॅम वजनाला 10 पौंड हा हिशेब, म्हणजे 100 ग्रॅम शिशाला 35 ते 40 पौंडाचा लीडर. तो एवढा लांब ठेवा की फेकायच्या वेळी रिळावर त्याचे पाच-सहा वेढे राहतील. गाठ आवळताना थुंकीने ओली करा. कोरडी आवळली की घर्षणाने तंगूस तापतो आणि नेमका तिथेच कमजोर होतो.

दोन, दिवे. डोळ्याला अंधार सरावायला 20 ते 30 मिनिटं लागतात आणि पांढऱ्या हेडलॅम्पच्या एका झोताने ती सगळी मेहनत जाते. लाल दिव्याचा हेडलॅम्प घ्या. गळाला आमिष लावायला, गाठ मारायला तो पुरतो. पांढरा दिवा फक्त चालताना आणि मासा बाहेर काढताना. पाण्यावर उगाच झोत फिरवू नका. उथळ पाण्यातले मासे बिचकतात हा माझा अनुभव. दुसरा दिवा खिशात असू द्या, पिशवीत नको, कारण पहिला बंद पडेल तेव्हा पिशवी सापडणार नाही.

तीन, रेडियमची पट्टी. सायकलला लावतात तीच. तिच्याबद्दल आता सांगते.

लाइफ जॅकेटचं वेगळं सांगत नाही. ते अंगात घालूनच घरातून निघायचं.

ती रात्र

मागच्या पौर्णिमेनंतरच्या तिसऱ्या रात्री मी आणि माझा भाचा गेलो होतो. वर दिलेल्या वेळा त्याच रात्रीच्या. त्याचं वय एकोणीस, उत्साह अफाट, आणि सूचना ऐकण्याची तयारी बेताची.

सहाला पोचलो तेव्हा उजेड होता. आधी तीन पट्ट्या लावल्या, रबराने दगडाला बांधून. पहिली समोर, पाण्यापासून हातभर वर. दुसरी तिच्यापासून मीटरभर उंच. तिसरी मागच्या घळीच्या तळाशी, सगळ्यात सखल दगडावर. पहिली बुडाली की चढ सुरू. दुसरीला पाणी लागलं की मधले जोराचे तास. तिसरीला पाणी लागलं की सामान उचलायचं आणि वाळूवर जायचं, मासा लागलेला असो नसो. हे मी त्याच्याकडून दोनदा वदवून घेतलं.

मग पंधरा-वीस मिनिटं नुसतं बघत बसलो. हे कुणीच करत नाही. लाटा एकसारख्या येत नाहीत, घोळक्याने येतात. दहा-बारा बेताच्या, मग तीन-चार मोठ्या. तुम्ही पाच मिनिटं बघून खडकावर उतरलात तर मोठा घोळका तुम्ही पाहिलेलाच नसतो. दोन लाटांमधलं अंतरही मोजा. सहा-सात सेकंदांची लाट आपटते आणि विरते. बारा-चौदा सेकंदांची लाट दिसायला आळशी, पण तिच्यामागे पाणी जास्त असतं आणि ती खडकावर चढत जाते. अंतर लांब असेल त्या रात्री मी खडकावर जातच नाही, वाळूवर बसते.

वाळूच्या किनाऱ्यावर जागा निवडताना लाट कुठे फुटते ते बघा. डावी-उजवीकडे पांढरा फेस आणि मध्येच एक पट्टा काळा, गुळगुळीत, तर तिथे चर आहे. मासे त्या चरातून आत येतात, म्हणून गळ त्याच्या कडेला टाकायचा. पण किनाऱ्यावर चढलेलं पाणी परत बाहेर जातं तेही त्याच चरातून. तिथे अंधारात गुडघ्याच्या वर पाण्यात उतरायचं नाही. ओढ लागलीच तर सरळ किनाऱ्याकडे पोहून दमू नका. तरंगत राहा, किनाऱ्याला समांतर आडवे सरका, ओढ सुटली की मग आत या.

पहिला दीड तास काही घडलं नाही. भाच्याने लांब फेकायची हौस भागवून घेतली आणि एकामागून एक तीन शिशी खडकात अडकवून तोडली. मी म्हटलं, "अरे, मासे आत यायला निघालेत आणि तू त्यांच्या डोक्यावरून पलीकडे टाकतोयस." पाणी चढताना उघड्या पडलेल्या खडकावर परत येतं तेव्हा खेकडे, शिंपले, बारीक किडे पुन्हा पाण्याखाली जातात. मासे ते टिपत पाण्याच्या कडेकडेने येतात. चढत्या पाण्यात रात्री वीस-पंचवीस मीटर पुष्कळ झाले.

साडेआठला चंद्र वर आला आणि थोड्याच वेळात वारा बदलला. संध्याकाळी समुद्राकडून येतो, रात्री जमीन पाण्याआधी गार होते आणि वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहायला लागतो. पाठीवर गार लागलं की समजायचं. लाटांची डोकी बसतात, फेकणं सोपं होतं. पण फेस कमी झाला की पाणी निवळतं, आणि निवळलेल्या पाण्यात चांदण्याला जाड लीडर मासा बघतो. तेव्हा गळाजवळचा तंगूस बारीक करायचा आणि आमिषही छोटं, नीटस लावायचं. गढूळ पाण्यात उलट. तिथे मासा नाकाने शोधतो. कोळंबीपेक्षा तेलकट माशाचा तुकडा किंवा माकूळ (स्क्विड) घ्या, मोठा लावा, दर वीस मिनिटांनी बदला. धुऊन पांढरं पडलेलं आमिष म्हणजे भिजलेला कापूस.

गेल्या चार दिवसांत मोठा पाऊस पडला असेल आणि जवळ नदीचं तोंड असेल तर वरचं तपकिरी पाणी बघून निराश होऊ नका. गोडं पाणी हलकं, ते वर तरंगतं. खाली खारं असू शकतं. आमिष तळाशी ठेवा. फक्त वाहत आलेले ओंडके दिसले तर त्या रात्री पाण्यापासून लांबच राहिलेलं बरं.

काही रात्री पाणी चमकतं. लाट फुटली की निळसर उजेड. ते सूक्ष्म जीव असतात, पाणी ढवळलं की उजळतात. बघायला सुंदर, गरवायला वाईट. तंगूस पाण्यातून सरकताना त्याची उजळ रेघ उमटते आणि मासा ती बघतो. अशा रात्री गळ टाकून अजिबात हलवू नका. किंवा सरळ बसून बघा. मी तेच करते.

बोटावर काय येतं

रॉडच्या टोकाला चमकती कांडी लावतात, मीही लावते. पण खरं कळतं ते बोटाला. रिळाच्या पुढे तंगूस उजव्या हाताच्या तर्जनीवर हलका घ्या, जेमतेम ताण ठेवून.

लाटेची ओढ लांब आणि संथ असते. जाते आणि परत येते, जणू कुणी श्वास घेतंय. शेवाळ अडकलं तर वजन वाढत जातं आणि ते परत सुटत नाही. चढत्या पाण्यात शेवाळाचे पुंजके असतात तेव्हा दर दहा मिनिटांनी ओढून साफ करावं लागतं, कंटाळा आला तरी. खेकडा बारीक बारीक खरवडतो. एकदा, दोनदा, मग बराच वेळ काही नाही, आणि गळ बाहेर काढाल तेव्हा नुसता. मासा दोन टोचा देतो. टक, टक. आणि मग एकतर ओढ, नाहीतर काहीच नाही. हे काहीच नाही फसवं असतं. ताठ असलेला तंगूस अचानक सैल पडला तर शिसं उचलून मासा तुमच्याकडे येतोय. भरभर रीळ फिरवा, ताण येईपर्यंत.

सर्कल हूक, म्हणजे टोक आत वळलेला गोलसर गळ, असेल तर झटका द्यायचा नाही. सगळ्यांचा हात आपोआप उडतो, आणि गळ तोंडातून निसटतो. टोक वाकू द्या, वजन बसू द्या, मग शांतपणे फिरवा. गळ जबड्याच्या कोपऱ्यात बसतो, त्यामुळे लहान मासा परत सोडायचा झाला तर तो जगतो.

साडेनऊच्या सुमारास भाच्याला तसाच सैल तंगूस आला. तो म्हणाला, "आत्या, तुटला वाटतं परत." मी ओरडले, "फिरव, फिरव!" दहा-बारा वेढ्यांनंतर रॉड वाकला. मासा जवळ आला की घाई करू नका. लाट येत असेल तेव्हा तिच्याबरोबर ओढा, लाट मागे जाताना नुसता ताण धरून थांबा. परतणाऱ्या पाण्याचं वजन आणि माशाचं वजन एकत्र आलं की तंगूस तुटतो. पुढच्या लाटेने मासा वर आणून ठेवला की ती मागे सरायच्या आत पुढे होऊन उचला.

उचलायच्या आधी मात्र पांढरा दिवा लावा आणि काय आहे ते बघा. शिंगाळा असला तर पाठीवरचा आणि दोन्ही बाजूंचे असे तीन काटे विषारी असतात. पाकटाचा काटा शेपटीवर. काटा लागलाच तर सोसवेल इतक्या गरम पाण्यात, 40 ते 45 अंशांच्या, तो हात अर्धा ते दीड तास बुडवून ठेवायचा. वेदना पुष्कळ उतरतात. पाणी आपण भाजणार नाही असं आधी दुसऱ्या हाताने तपासा. थर्मासमध्ये गरम पाणी नेते ते यासाठी. नंतर डॉक्टरांना दाखवायचंच, काट्याचा तुकडा आत राहिलेला असू शकतो. काटा छातीत-पोटात घुसला असेल तर उपटू नका, तसेच दवाखान्यात जा.

भाच्याचा मासा शिंगाळाच होता. लांब पक्कडने गळ काढला.

उठणं

तो पिशवीत गेला तेव्हा मी सवयीने मागे वळून लाल दिवा धरला. तिसरी पट्टी दिसेना. पांढरा दिवा लावला. पट्टीवर चार बोटं पाणी होतं. माझ्या हिशेबाने ते दहाला यायला हवं होतं, घड्याळात 9.40 झाले होते. वीस मिनिटं आधी. दुपारभर समुद्राकडून वारा होता, त्याने पाणी लोटलं असणार.

"आत्ता कुठे लागायला लागलेत," भाचा म्हणाला. त्याचं खरं होतं. पण पुढच्या तासात पाऊण मीटर चढणार होतं. आम्ही रॉडचे गळ काढून रॉडलाच अडकवले, मी पुढे आणि तो मागे, काठीने तळ चाचपत घळ ओलांडली. पाणी पोटरीला लागलं. मग वाळूवर, भरतीच्या जुन्या ओळीच्या वर, नवीन जागा घेतली आणि एक वाजेपर्यंत बसलो. पाणी थांबलं तसं मासेही थांबले. भरतीच्या टोकाला बहुतेकदा असंच होतं. खायला, प्यायला, तंगूस तपासायला ती वेळ चांगली. फिरल्यावर पहिला तासभर परत हालचाल होते. खाडीच्या तोंडाशी असाल तर तो तास सोडू नका, आतलं खाणं सगळं बाहेर वाहून येतं.

दूर वीज चमकताना दिसली म्हणून एकला आवरलं. वीज दिसल्यापासून आवाज येईपर्यंत तीस सेकंदांपेक्षा कमी लागले तर वादळ दहा किलोमीटरच्या आत आहे. कार्बनचा रॉड वीज वाहून नेतो आणि मोकळ्या किनाऱ्यावर तुमच्याइतकं उंच दुसरं काही नसतं. रॉड आडवा ठेवायचा, पक्क्या इमारतीत किंवा बंद गाडीत जाऊन बसायचं, आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडायचं नाही. आम्ही गाडीतच झोपलो.

पट्ट्या खडकावरच राहिल्या होत्या. सकाळी पावणेसातला ओहोटी होती, तेव्हा त्या काढायला गेलो. समोरच्या खडकात एक तिरपी फट होती, भाच्याची तीनपैकी दोन शिशी तिच्यात शेजारी शेजारी अडकलेली. त्याने मोबाइल काढून आधीच्या आठवड्यात घेतलेले फोटो चाळले. तिसऱ्या फोटोत ती फट स्पष्ट दिसत होती.